शंभर वर्षे कसलेले अंग

तालमीतल्या जुन्या माणसांचे एक म्हणणे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पहिलवान जोवर जोर-बैठका काढतो तोवर त्याला दूधतूप मानवते; मेहनत सुटली की तेच तूप त्याच्या अंगावर उलटते. कुस्ती सोडलेल्या मल्लांची गावोगाव जी अवस्था दिसते ती पाहिली म्हणजे हे म्हणणे खोटे म्हणवत नाही. ऐन पंचविशीत ज्याच्या नावाने आखाडा दणाणत होता तो पन्नाशीला गुडघे धरून ओट्यावर बसलेला असतो आणि आल्यागेल्याला जुन्या कुस्त्या सांगत असतो. लोक ऐकतात, चहा पाजतात आणि आपल्या वाटेने निघून जातात.

ज्या गृहस्थांची हकीकत मी आज सांगणार आहे ते या नियमाला अपवाद होते. तो अपवाद साधासुधा नव्हे. चांगला शंभर वर्षांचा होता!

१९ जुलै १९९६ च्या रात्री अमेरिकेतील अ‍ॅटलांटा शहरी ऑलिम्पिक सामन्यांचे उद्घाटन झाले. नव्या युगातील ऑलिम्पिकला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण झाली होती, म्हणून जुन्या काळचे काही नामांकित विजेते समारंभाला मुद्दाम आणले होते. त्यांत लहानसर चणीचे, पांढऱ्या केसांचे एक आजोबा होते. वय ९७. तरतरीत चालीने ते पुढे आले तेव्हा साऱ्या प्रेक्षागाराने टाळ्यांचा कडकडाट केला. या आजोबांनी पहिले सुवर्णपदक मिळवले त्याला तेव्हा ७२ वर्षे होऊन गेली होती. त्यांचे नाव लेऑन श्टुकेल.

आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. क्रिकेटच्या आकड्यांची खडान्‌खडा माहिती असणाऱ्या माझ्या स्नेह्यांनाही ते मी विचारून पाहिले आहे. त्यांचा दोष नाही. श्टुकेल ज्या देशाचे, तो स्लोव्हेनिया आकाराने आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा. आणि ज्या खेळात ते नावाजले तो जिम्नॅस्टिक्सचा खेळ आपल्याकडे अजून सर्कशीच्या शेजारीच बसवला जातो.

ससाण्यांची तालीम

स्लोव्हेनियात क्रका नावाच्या नदीच्या वळणावर नोवो मेस्तो नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ ‘नवे शहर’, पण गाव चांगले जुने. तेथे १२ नोव्हेंबर १८९८ रोजी लेऑनचा जन्म झाला. तो मुलूख त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाच्या अमलाखाली होता. सरकार-दरबारी जर्मन भाषेचा बोलबाला, आणि घरात-शेतात बोलली जाणारी स्लोव्हेनी भाषा धाकटी. आपल्या वाचकांना ही परिस्थिती समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा वेळी प्रागमध्ये मिरोस्लाव्ह तिर्श आणि यिंद्रिख फ्युग्नर या दोघांनी १८६२ साली एक व्यायामसंस्था काढली होती. तिचे नाव ‘सोकोल’, म्हणजे ससाणा. शरीर कसावे, शिस्त बाणवावी, आपल्या भाषेचा अभिमान धरावा, असा तिचा रोख होता. दुसऱ्याच वर्षी ल्युब्ल्यानाला तिच्याच धर्तीची ‘दक्षिणेचा ससाणा’ ही संस्था निघाली, आणि पाहता पाहता स्लाव्ह लोकांच्या गावोगाव ससाण्यांच्या तालमी उभ्या राहिल्या. आपल्या अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी काढले. त्याची आणि सोकोलची जातकुळी एकच, असे मला नेहमी वाटत आले आहे. परक्यांच्या राज्यात सभा भरवणे कठीण, पण मुलांना जोर काढायला बोलावण्यास कोण हरकत घेणार? अर्थात सरकारेही अगदी दूधखुळी नसतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रियाच्या सरकारने सोकोलवर बंदी घातलीच.

लेऑनने पहिला व्यायाम केला तो नोवो मेस्तोच्या या सोकोलमध्ये, लहान वयात. तेथे पदकाची भाषा नव्हती. संध्याकाळी घंटा व्हायची, मुले रांगेत उभी राहायची आणि एकेक साधनावर आळीपाळीने चढायची. ही सवय त्याच्या अंगात मुरली, आणि पुढची सारी गोष्ट या सवयीचीच आहे.

पॅरिसचा जुलै

युद्ध संपले, बादशाही मोडली, आणि १९१८ साली सर्ब, क्रोएट व स्लोव्हेन यांचे नवे राज्य जन्माला आले. त्यालाच पुढे १९२९ साली युगोस्लाव्हिया हे नाव मिळाले. नव्या राज्याला नवे वीर हवे असतात. १९२२ साली ल्युब्ल्यानाला जागतिक स्पर्धा झाल्या तेव्हा कायद्याचा अभ्यास करणारा हा २३ वर्षांचा तरुण सिंगलबार, डबलबार आणि रिंग्ज या तिन्ही साधनांवर पहिल्या मानाचा धनी ठरला.

खरी परीक्षा झाली ती १९२४ च्या जुलैत, पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये. त्या वेळच्या कसरतपटूची परीक्षा आजच्याहून निराळी होती. सिंगलबार, डबलबार, रिंग्ज आणि मुठीचा घोडा ही चार साधने आजच्यासारखीच; शिवाय घोड्यावरून उडी मारण्याचे दोन प्रकार; आणि या सर्वांवर कडी म्हणजे दोरावर चढण्याची शर्यत! नुसत्या हातांनी सरसर वर जायचे, आणि घड्याळ लावलेले. चेकोस्लोव्हाकियाच्या शुप्चिकने दोर जिंकला. पण सातही प्रकारांची बेरीज झाली तेव्हा सर्वांच्या वर नाव निघाले श्टुकेलचे. दुसऱ्या क्रमांकाच्या प्राझाकपेक्षा तो जेमतेम पुढे होता. दोघांतले अंतर एका गुणाचेही नव्हते. एका कसरतीत पायाचे बोट जरा वाकडे झाले असते तर इतिहास पालटला असता! सिंगलबारचे सुवर्णपदकही त्यानेच नेले. त्याच्या देशाला ऑलिम्पिकमध्ये मिळालेले हे पहिले सोने.

त्या काळी या सोन्याबरोबर पैसा येत नसे. जाहिराती नव्हत्या, सरकारी इनाम नव्हते, खेळाच्या जोरावर नोकरीही नव्हती. हौशी खेळाडूने हौसेने खेळावे आणि पोटासाठी दुसरा उद्योग करावा असा दंडक होता. लेऑनने कायद्याचे शिक्षण पुरे केले आणि पुढे तो न्यायाधीश झाला. दिवसभर वादी-प्रतिवादींचे ऐकायचे आणि मोकळ्या वेळात रिंग्जवर लटकायचे, असा हा दुहेरी संसार त्याने वर्षानुवर्षे चालवला.

दोन दोऱ्या, दोन कड्या

या रिंग्ज म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडे सांगितले पाहिजे. कारण श्टुकेलचे खरे प्रेम त्यांच्यावर होते. उंचावरून दोन दोऱ्या सोडलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांना दोन लाकडी कड्या. बस्स, एवढेच साधन! मी स्वतः तरुणपणी मल्लखांबावर तीन-चार वर्षे घालवली आहेत, म्हणून त्याच भाषेत सांगतो. पुरलेला मल्लखांब आपला मित्र असतो. तेल लावून गुळगुळीत केला असला तरी तो हलत नाही. त्याला तेढी घातली की मांड्यांना आधार मिळतो. टांगत्या मल्लखांबावर गेलो की पहिला धडा मिळतो, कारण खांबच गिरकी घेऊ लागतो. रिंग्ज त्याच्याही पुढे जातात. तेथे मांड्यांना धरायला काहीच नाही. दोन्ही कड्या दोन दिशांना पळू पाहतात, आणि त्यांना जागेवर ठेवण्याचे काम फक्त खांद्यांनी करायचे असते.

दोन्ही हात दोन बाजूंना आडवे पसरून, अंग सरळ खाली सोडून, क्रूसासारखे स्थिर राहणे ही रिंग्जवरची प्रसिद्ध अवस्था. पाहणाऱ्याला वाटते, माणूस हवेत विश्रांती घेतो आहे. करणाऱ्याच्या खांद्यांत मात्र आग पेटलेली असते. ही ताकद नुसत्या फुगलेल्या स्नायूंची नसते. स्नायू हाडांना बांधणाऱ्या ज्या कंडरा असतात त्याही तितक्याच बळकट व्हाव्या लागतात, आणि कंडरा स्नायूंपेक्षा फार सावकाश तयार होतात. घाई केली तर त्या दुखावतात. वर्षानुवर्षे नेमाने ताण दिला तरच भक्कम होतात. म्हणूनच रिंग्जवरचा माणूस उशिरा पिकतो आणि बराच टिकतो. बल्गेरियाचे योर्दान योवचेव्ह हे २०१२ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये रिंग्जच्या अंतिम फेरीत होते. आणि ती त्यांची सहावी ऑलिम्पिक होती!

श्टुकेलनी १९२६ साली फ्रान्समधील लिआँ येथे जागतिक विजेतेपदांत भर टाकली आणि १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये रिंग्जचे सुवर्णपदक जिंकले. एकंदर बेरजेत त्यांना तिसरा क्रमांक मिळाला, आणि सांघिक स्पर्धेत त्यांच्या संघालाही तिसराच. वय आता तिशीला टेकले होते. दुसरा कोणी असता तर येथे थांबला असता.

लक्झेंबर्गची दुर्घटना

ज्या खेळाने कीर्ती दिली त्याने त्यांच्या संघाला एक घावही दिला. १९३० साली लक्झेंबर्गला जागतिक स्पर्धा चालू होत्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या पदकविजेत्या संघातला अंतोन मालेय हा तरुण रिंग्जवर होता. कसरत करता करता तो खाली कोसळला, आणि त्या दुखापतीने त्याचा अंत झाला. त्याच स्पर्धेत त्यांचाच सहकारी योसिप प्रिमोझिच एकंदर बेरजेत पहिला आला. विजेतेपद आणि प्रेत, दोन्ही एकाच संघाच्या वाट्याला आली.

आज या साधनांखाली जाड गाद्या असतात, सरावासाठी फेसाचे खड्डे असतात. त्या काळी गादी असली तरी ती पातळ. हे मी मुद्दाम सांगतो आहे. श्टुकेलच्या दीर्घायुष्याच्या गोष्टी ऐकताना कुणाला वाटेल की हा खेळ म्हणजे संध्याकाळचा फेरफटका आहे. तसे नाही. ज्या कड्यांवर आपला सोबती गेला त्याच कड्यांवर हा माणूस पुन्हा चढला, आणि पुढे सहा वर्षे चढत राहिला. याला धाडस म्हणावे की श्रद्धा, हे वाचकांनी ठरवावे.

बर्लिन, १९३६

१९३२ ची ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला झाली. जगभर मंदी होती, अमेरिकेचा प्रवास लांबचा आणि खर्चाचा. युगोस्लाव्हियाने तिकडे उणापुरा एक खेळाडू धाडला, आणि श्टुकेलची ती संधी हुकली. मग चार वर्षांनी बर्लिन आले. हिटलरची राजवट, सर्वत्र स्वस्तिकाची निशाणे, आणि जिम्नॅस्टिक्सचे सामने एका उघड्या नाट्यगृहात. श्टुकेल ३७ वर्षांचे झाले होते. बरोबरीचे बरेचसे केव्हाच घरी बसले होते. पण रिंग्जवर चेकोस्लोव्हाकियाच्या हुदेकनंतर दुसरे नाव पुकारले गेले ते त्यांचेच. पहिल्या पदकानंतर बारा वर्षांनी मिळालेले हे रौप्यपदक त्यांच्या कारकिर्दीतले शेवटचे.

त्याच वर्षी त्याच बर्लिनमध्ये आपला मल्लखांबही पोहोचला होता, हे मराठी वाचकांना सांगितलेच पाहिजे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक ऑलिम्पिकच्या निमित्ताने तेथे गेले होते, आणि त्यांनी कबड्डी, मल्लखांब अशा देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. परक्या राजवटीत चोरूनमारून वाढलेल्या दोन तालमी, एक क्रकाकाठची आणि एक वऱ्हाडातली, एका उन्हाळ्यात एकाच शहरात आपले अंगबळ दाखवीत होत्या, हे चित्र मला फार आवडते. एकीच्या गड्याचा देश तोवर स्वतंत्र झाला होता. दुसरीच्या गड्यांना आणखी अकरा वर्षे वाट पाहायची होती.

बर्लिननंतर श्टुकेल स्पर्धांतून निवृत्त झाले. ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धा मिळून वीस पदके जमा होती: आठ सोन्याची, सहा रुप्याची, सहा ब्राँझची. एखाद्या चरित्रकाराने येथे ‘समाप्त’ असे लिहिले असते. माझ्या मते गोष्ट येथे सुरू होते.

न्यायासन गेले

१९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मनी आणि तिच्या साथीदारांनी युगोस्लाव्हियाचे तुकडे केले. मारिबोर शहर जर्मनांच्या ताब्यात गेले आणि तेथे स्लोव्हेनी भाषेवरच वरवंटा फिरू लागला. युद्ध संपले तेव्हा राजाचे राज्य राहिले नव्हते; साम्यवादी पक्षाची सत्ता आली होती. जुन्या राजवटीतल्या माणसांकडे नवी राजवट संशयाने पाहत होती. सोकोल संस्था पुन्हा उभी राहू शकली नाही. आणि श्टुकेल यांचे न्यायाधीशाचे आसनही राजकीय कारणांनी गेले. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा ऑलिम्पिकवीर मारिबोरमध्ये कायद्याच्या कामात दुसऱ्यांचा मदतनीस म्हणून राबू लागला.

क्षणभर त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. ज्या राज्याच्या नावाने पदके मिळवली ते लयाला गेलेले. ज्या संस्थेत लहानाचे मोठे झालो तिला कुलूप. ज्या विद्येवर पोट चालवले ती दुसऱ्याच्या हाताखाली वापरायची. तरुण पिढीला आपले नाव आठवेनासे झालेले. अशा वेळी बाटलीच्या आश्रयाला गेलेले खेळाडू थोडे नाहीत. निदान कडवटपणा तरी येतोच.

श्टुकेल यांच्यापाशी एकच गोष्ट अशी उरली होती जी कोणत्याही राजवटीला जप्त करता येत नव्हती: रोजचा व्यायाम. त्याला प्रेक्षक लागत नव्हते, पंच लागत नव्हते, परवाना लागत नव्हता. नोवो मेस्तोच्या त्या पोराला संध्याकाळच्या घंटेने जी सवय लावली ती या वयात कामी आली. ते व्यायाम करीत राहिले. साठी आली, सत्तरी आली, ऐंशी उलटली, व्यायाम चालूच होता. त्यांच्या देशात कसरतीची परंपराही तुटली नाही. ल्युब्ल्यानाच्या मिरोस्लाव्ह त्सेरार यांनी १९६४ साली टोकियोला आणि १९६८ साली मेक्सिकोला मुठीच्या घोड्यावर सुवर्णपदक जिंकले. योगायोग असा की तेही कायद्याचेच पदवीधर!

शंभरीची वाट

पुढे १९९१ साली युगोस्लाव्हिया फुटला आणि स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. श्टुकेल तेव्हा ९२ वर्षांचे होते. ज्या देशाला त्यांनी पहिले सोने आणून दिले तो देश नकाशावरून पुसला गेला, आणि ज्या मातीत ते जन्मले तिला पहिल्यांदाच स्वतःचा झेंडा मिळाला. गंमत पाहा! बादशहा, राजा, परके आक्रमक, साम्यवादी आणि प्रजासत्ताक अशा पाच राजवटी या माणसाने पाहिल्या, आणि पाचही राजवटींत तो सकाळी उठून हातपाय हलवीत राहिला.

नव्या देशाने आपल्या या वडीलधाऱ्याला शोधून काढले. अ‍ॅटलांटाच्या समारंभात जगाने त्यांना पाहिले. १९९७ साली जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय कीर्तिमंदिरात त्यांची नोंद झाली. त्या वेळी हयात असलेल्या ऑलिम्पिक सुवर्णविजेत्यांत ते सर्वांत वडील होते. १२ नोव्हेंबर १९९८ रोजी त्यांनी शंभरी गाठली. आणि ८ नोव्हेंबर १९९९ रोजी, एकशे एकावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर असताना, मारिबोरला त्यांचे निधन झाले. ज्या शहरात त्यांचे न्यायासन गेले त्याच शहरात आज एका चौकाला त्यांचे नाव आहे, आणि नोवो मेस्तोत खेळाच्या एका मोठ्या दालनाला.

कुणी म्हणेल, दीर्घायुष्य ही दैवाची देणगी आहे. व्यायाम करणारेही लवकर जातात आणि न करणारेही नव्वदीला पोहोचतात. हे मला मान्य आहे. मालेयला कुठे तिशी पाहता आली? व्यायामाने मरण लांबते असा दावा करायला मी येथे बसलेलो नाही. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. श्टुकेल यांच्या आयुष्यात जे जे बाहेरून मिळाले ते ते बाहेरच्यांनी केव्हा ना केव्हा काढून घेतले: देश, संस्था, अधिकार, प्रसिद्धी. काहींची परतफेड झाली, पण तीही त्यांचे केस पांढरे झाल्यावर. जे अंगात मुरले होते तेवढे मात्र मधल्या पन्नास वर्षांत त्यांच्या सोबतीला राहिले.

आपल्याकडे संध्याकाळी मल्लखांबाच्या वर्गावरून जाताना मी हमखास थांबतो. हाताला राळ चोळून पोरे-पोरी सलामी देतात, दसरंग करतात, बोंडावर तोल सावरतात, आणि आईबाप कठड्याशी उभे राहून मोबाइलवर त्यांची छायाचित्रे घेतात. मोठे देखणे दृश्य असते. मग मूल दहावीला जाते. आईबाप येऊन सांगतात, “यंदा बोर्डाची परीक्षा आहे, वर्षभर बंद ठेवतो.” ते वर्ष कधीच संपत नाही. ज्याला जिल्ह्याचे, राज्याचे पदक मिळण्याची आशा असते तेवढाच टिकतो, आणि पदकाची आशा सुटली की तोही जातो. पदकासाठी शिकवलेला व्यायाम पदकाबरोबरच सुटतो, यात नवल ते काय?

त्या आईबापांची मला कीव येत नाही. त्यांच्या पोटाची चिंता खरी आहे. पण श्टुकेलनाही परीक्षा होत्या. कायद्याची पुस्तके काही पातळ नसतात! सोकोलच्या त्या तालमीने त्यांना शिकवले होते की व्यायाम जेवणासारखा असतो. परीक्षेच्या वर्षी आपण जेवण बंद ठेवीत नाही.

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला अंगाला तेल लागते. तेव्हा आपल्या खांद्यांवरून एकदा हात फिरवून पाहावा. पदक नसेल तर नसो; त्या खांद्यांत थोडीशी ऊब, थोडासा ताठपणा शिल्लक असेल तर दुसऱ्या दिवशीपासून दहा जोर काढायला कोणाची परवानगी लागत नाही.